हिरव्या वाटीतली कढी

एकदा एका तांबट आळीत एक आगळी मागणी आली. गडाच्या पायथ्याशी दरवर्षी काही हौशी मंडळी जमत, जुने पोशाख घालत आणि तीनशे वर्षांपूर्वीची राजपंगत उभी करीत. पगड्या अस्सल, तलवारी अस्सल, आणि जेवण मात्र कागदी ताटलीत! यंदा त्यांच्या प्रमुखाने ठरवले की भांडीसुद्धा त्या काळची हवीत. चाळीस ताटे, चाळीस वाट्या, चाळीस फुलपात्रे.

आळीतल्या वृद्ध कारागिराने हे काम आपल्या शिष्येवर सोपवले. चार वर्षे ती त्यांच्याकडे पितळ ठोकायला शिकत होती, आणि हे तिचे पहिले स्वतंत्र काम होते. साधले तर आळी तिला कारागीर म्हणणार होती. फसले तर 'हे काय बाईमाणसाचं काम आहे?' असे म्हणायला काही जण टपूनच बसले होते.

तिने कामात जीव ओतला. घाट जुन्या भांड्यांवरून घेतला, प्रत्येक ठोका हाताने मारला. पण तयार भांडी लखलखू लागली तशी ती खट्टू झाली. ही कसली जुनी? मग तिने मीठ आणि व्हिनेगर चोळून भांडी ओल्या भुशात पुरून ठेवली. चार दिवसांनी ती काळपट-हिरवी निघाली. आतून कथलाची कल्हईही तिने केली नाही. तो पांढरा रंग हिरव्याशी विसंगत दिसला असता, आणि पंगत तर काय, देखाव्याचीच, अशी तिने मनाची समजूत घातली. तिला हसू नये. आपणही हेच केले असते. जुने म्हटले की आपल्याला आधी गंजच आठवतो.

पंगत दोन दिवसांवर आली तेव्हा वृद्ध कारागीर भांडी पाहायला आले. "हात छान बसलाय हं तुझा," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी घरातून कढी मागवली, सर्वांत सुबक वाटी निवडली, ती काठोकाठ भरली आणि फळीवर झाकून ठेवली.

"अहो आप्पा, डाग पडेल ना तिला!"

"पडू दे."

"निदान कशाला ते तरी सांगा!"

आप्पा पत्रा कापायला बसले. शिष्या मनातून चांगलीच धुमसत होती.

दुपारी आप्पांनी झाकण काढले. कढीच्या कडेने हिरवट वलय धरले होते. "घे, पी," ते म्हणाले.

तिने वाटी तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली. "नको आप्पा. कळकलीय ती, पितळ उतरलंय तिच्यात."

"मग परवा चाळीस माणसं पिणार आहेत, त्यांचं काय?"

तिने बोटांवर बेत मोजला. कढी, आमसुलाचे सार, लिंबाचे लोणचे. पंगतीचा सगळा बेत आंबट होता. ती मटकन खाली बसली.

आप्पांचा स्वर निवळला. "अगं, तुला त्या काळची भांडी करायची होती ना? मग त्या पंगतीला जाऊन बस की मनानं. तिथं कुणाच्या पुढ्यात तीनशे वर्षांचं ताट होतं का? चिंचेनं घासलेलं, कल्हई केलेलं, लख्ख ताट होतं. हिरवं पडलं ते नंतर, आपण हात लावायचा सोडला तेव्हा. तू त्यांचं ताट नाही केलंस. आपल्या हलगर्जीपणाचं केलंस."

"आता हो, आप्पा?"

"आता काय! दोन दिवस हातात आहेत. तू चिंच भिजत घाल, मी भट्टी पेटवतो."

दोन दिवस आळीत नवसागराचा धूर भरून राहिला. टपून बसलेल्यांपैकी दोघे जण कथील घेऊन मदतीला आले आणि कल्हई लावू लागले. भांडी न्यायला आलेले प्रमुख मात्र दारातच थबकले. "ही तर नवीकोरी दिसतात!"

शिष्या पुढे झाली. "त्या काळी जेवायला बसलेल्यांनाही ती नवीच होती, दादा."

प्रमुखांनी एक ताट उचलले, त्यात आपला पगडीवाला चेहरा पाहिला आणि खळखळून हसले. "अरे, खरंच की! हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं."

पंगतीच्या दिवशी ती टोकाला उभी होती. तिची नजर वाट्यांवर होती. कढी वाढली गेली. एका नऊवारीतल्या आजींनी वाटी तोंडाला लावून रिकामी केली, ओठ पुसले आणि हाक मारली, "आणखी वाढा गं इकडे!"

तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. ती पदराने डोळे पुसत वाढायला धावली.

वाडवडिलांचे काही पुढे न्यायचे असेल, तर ते आधी घासून घ्यावे.