खाडाखोड नसलेली ओळ

“मग यात चूक कुठे आहे, ते तरी सांगा!”

प्रज्वलचा आवाज जरा चढलाच. सिद्राम मेस्त्रींनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात प्रज्वलचा कागद होता आणि चष्मा कपाळावर. म्हणजे ते वाचतही नव्हते.

“चूक हाय असं मी म्हनलो का?”

“मग हो तरी म्हणा.”

“हो बी म्हनलो न्हाई.”

इचलकरंजीत ज्याला स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचा असे, तो आज ना उद्या मेस्त्रींचा जिना चढे. त्यांची उभी हयात यंत्रमागांच्या दुरुस्तीत गेली होती. उतारवयात कॉम्प्युटर उघडायला बसले आणि तिथंही मेस्त्रीच ठरले. पहिलं मशीन ज्याचं त्यानं जोडायचं, टेबल आणि हत्यारं मेस्त्रींची, असा त्यांचा शिरस्ता होता.

पण त्याआधी भागांची यादी दाखवावी लागे, आणि तीही कच्ची. खोडलेली, गिरवलेली, चहाचे डाग पडलेली असली तरी चालेल. सुबक यादी घेऊन येणाऱ्याला ते पाणी पाजून परत पाठवत.

प्रज्वल म्हेत्रेलाही गेल्या रविवारी असंच परत पाठवलं होतं. त्यानं रकाने आखून, छापून यादी आणली होती. वहीचं फाटकं पान दाखवायला आपण काय शाळेतलं पोर आहोत, म्हणून तो घरी जाऊन धुसफुसला. तरी आज ते पान घेऊन आला. गावात दुसऱ्या कुणाच्या ‘हो’ला त्याच्या लेखी किंमत नव्हती, त्याला इलाज काय?

आल्या आल्या मात्र त्यानं भिंतीतल्या एक्झॉस्ट पंख्याकडे बघून तोंड वाकडं केलं होतं.

“केवढा घरघरतो हा! तुमचं डोकं उठत नाही?”

मेस्त्रींनी तेव्हा नुसता कागदासाठी हात पुढं केला होता. आता त्यांनी चष्मा खाली ओढला.

“आप्पा कसं हायत?”

“आहेत. ऑक्सिजनवर. आई आहे जवळ.” प्रज्वलनं घाईनं कागदावर बोट ठेवलं. “हे बघा, प्रोसेसरपासून सुरुवात करू.”

आप्पा म्हणजे प्रज्वलचे वडील. मेस्त्री जिथं दुरुस्तीला होते त्याच कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माग चालवले. कापसाची धूळ छातीत साठत गेली आणि आता आठ महिने झाले, घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनशिवाय त्यांना श्वास पुरत नव्हता. ते मशीन विजेवर चालायचं. लाइट गेली की कुणीतरी उठून शेजारच्या सिलिंडरची चावी फिरवायची आणि नळी तिकडे जोडायची. आप्पांना स्वतःला तेवढं उठवत नव्हतं.

“सांग,” मेस्त्री म्हणाले. “ह्यो प्रोसेसर कशापायी?”

प्रज्वलची गाडी सुटली. तीन आठवडे त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. प्रोसेसर दोनदा बदलला होता, त्यामुळे मदरबोर्ड बदलला, त्यामुळे रॅम. ग्राफिक्स कार्डाच्या ओळीवर तर इतकी खाडाखोड होती की कागद पातळ झाला होता. पहिलं कार्ड थोराड, कॅबिनेटमध्ये मावेना. दुसरं मावलं, पण प्रोसेसर त्याच्यापुढं अडखळला असता.

“आणि आता?”

“आता कुठलाच भाग दुसऱ्यासाठी खोळंबणार नाही.”

हे वाक्य त्यानं घरून तयार करून आणलं होतं. ते म्हणताना त्याची छाती फुगली. मेस्त्रींनी नुसतं “हं” केलं.

“वीज?”

“एकेका भागाची काढून बेरीज केली. वर बराच मोकळा हात ठेवून पॉवर सप्लाय घेतला.”

“त्याच बोर्डावर घरात आनि काय काय हाय?”

“पंखा, ट्यूब, फ्रीज.” प्रज्वल थांबला. “बस.”

मेस्त्री त्याच्याकडे बघत राहिले.

“बस,” प्रज्वल पुन्हा म्हणाला.

...

“बरं. यूपीएस?”

“तो सगळ्यात भारी घेतलाय. लाइट गेली तरी दहा मिनिटं खेळ चालू राहतो.”

“लाइट गेल्याली तुला कळनार कशी?”

“यूपीएस शिट्टी मारतो. पण माझ्या हेडफोनमधून तीसुद्धा ऐकू यायची नाही.” प्रज्वल हसला. “कळायची गरजच काय, मेस्त्री? खेळ तर चालूच!”

मेस्त्रींचा डावा हात टेबलाखाली गेला आणि परत वर आला. प्रज्वल बोलतच होता. कॅबिनेटला काच कुठल्या बाजूला, हवा कुठून आत येणार, कुठून बाहेर जाणार, सगळं त्याला तोंडपाठ होतं. गल्लीतले माग खडखडत होते, म्हणून तो थोडा मोठ्यानं सांगत होता.

“काय बंद पडलं?” मेस्त्रींनी मध्येच विचारलं.

“काय?”

“आत्ता हितं काय तर बंद पडलं. काय पडलं?”

प्रज्वलनं वर बघितलं. ट्यूब चालू होती. कोपऱ्यातला मॉनिटर चालू होता. त्यानं टेबलावर, खाली, दाराकडे पाहिलं आणि त्याला काहीच सापडेना. शेवटी मेस्त्रींनी भिंतीकडे हनुवटी केली. एक्झॉस्टची पाती उभी होती.

“लई घरघरत हुता न्हवं?”

प्रज्वलचे कान तापले.

“आवाज सुरू झाला तर कळतो, मेस्त्री. बंद पडलेला कसा ऐकू येईल?”

“तुझ्या बापाला यायचा.” मेस्त्री सावकाश बोलत होते. “चार माग असायचं त्याच्याकडं. शेडात शंभरभर माग धडाडत्यात, कुनाला कुनाचं ऐकू येत न्हाई. धागा तुटून एक माग गप झाला, की ह्यो पाठमोरा असला तरी वळायचा. मी लई येळा बगितलंय.”

...

प्रज्वलला आता तिथून उठावंसं वाटू लागलं. ‘नको तुमचं हो,’ असं म्हणून निघून जावं. पण कागद मेस्त्रींच्या हातात होता आणि ते तो उजेडाकडे धरून बघत होते.

“सगळीकडं खाडाखोड हाय. ह्या एका ओळीवर न्हाई.”

त्यांचं बोट पानाच्या अगदी माथ्यावर होतं. तिथं, प्रोसेसरच्याही आधी, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: हेडफोन, बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारा.

“छापील यादीत ह्यो सगळ्यात खाली हुता,” मेस्त्री म्हणाले.

“हो... म्हणजे... तो शेवटीच घेतात.”

“हितं पयला हाय. कागद कवा सुरू केलास?”

“तीन आठवडे झाले.”

“वार?”

प्रज्वलनं जिन्याकडे बघितलं. गल्लीतले माग चालूच होते.

“शुक्रवार,” तो शेवटी म्हणाला.

“म्हंजे गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी.”

मेस्त्रींना ठाऊक होतं तर! शेजारच्या शकूकाकूंनी सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार. प्रज्वलला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“मी मुद्दाम नाही केलं, मेस्त्री.”

“मी कुटं म्हनतोय?”

“आई दळण आणायला गेली होती. मी आप्पांच्याच खोलीत होतो... लॅपटॉपवर खेळत होतो, कानात साधे हेडफोन. दुपारी लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, पिक पिक करत राहिलं असेल... माझी त्यांच्याकडे पाठ होती.”

मेस्त्रींनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. त्यानं तो नुसता हातात धरला.

“त्यांच्या उशाला एक जुना धोटा असतो. मागावरचा, आडवा धागा नेणारा, लाकडी. तो ते भिंतीवर आपटत होते. भिंतीपलीकडे शकूकाकूंना ऐकू गेलं, मेस्त्री. भिंतीपलीकडे! त्या धावत आल्या, त्यांनी सिलिंडर सोडला. मग माझ्या कानातले हेडफोन ओढून काढले, तेव्हा मी वळलो. आप्पांचे ओठ निळे पडले होते.”

“आप्पा काय बोलले?”

“काहीच नाही. अजून काहीच बोलले नाहीत त्याबद्दल.”

“हं...”

“ते मशीन दिवसभर चालू असतं. घरात कुठंही जा, ऐकू येतं. ते ऐकलं की मला तो धोटा ऐकू येतो... जो मी ऐकलाच नाही, तो. मला नको आहे तो आवाज. म्हणून आधी हेडफोन लिहिला. आणि मग...”

त्यानं कागदाकडे बघितलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कार्ड, पॉवर सप्लाय. तीन आठवड्यांचं ते सगळं भारी सामान त्या एका ओळीखाली नुसतं रांगेत उभं होतं.

“मग बाकीचं त्याच्यासाठी निवडलं,” तो म्हणाला.

टेबलावरची पोलादी पट्टी मेस्त्रींनी कागदावर आडवी धरली, यूपीएसच्या ओळीच्या वर एकदा आणि खाली एकदा, आणि कागद फाडला. एक बोटभर पट्टी हातात आली. ती त्यांनी प्रज्वलच्या शर्टाच्या खिशात घातली.

“ह्ये आप्पांचं.”

प्रज्वलला कळायला क्षणभर लागला.

“ऑक्सिजनच्या मशीनला लावायचा?”

“दा मिंटं मिळत्यात म्हनालास न्हवं? सिलिंडरची चावी फिरवायला तेवढी रग्गड झाली.”

कागदाचे उरलेले दोन तुकडे त्यांनी जुळवून टेबलावर ठेवले. शेजारी स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, पातळ टोकाचा, ज्याला ते सहसा कुणाला हात लावू देत नसत. हा त्यांचा ‘हो’ होता. तीन आठवडे प्रज्वल त्याच्यासाठी झुरला होता आणि आता तो समोर पडलेला असताना त्याचा हात पुढं जात नव्हता.

“आणि हेडफोन?” त्यानं विचारलं. “तो खोडू?”

“ऱ्हाऊ दे.”

“मग आप्पा...”

“ऱ्हाऊ दे म्हनलो न्हवं.”

प्रज्वल वरचा तुकडा उचलून बघत राहिला. त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता, सवयीनं. यूपीएस आप्पांकडे गेला. म्हणजे कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या बोर्डावर. म्हणजे मध्ये काहीच नाही.

“पण मेस्त्री, असं केलं तर लाइट जायची खोटी, माझा स्क्रीन काळा पडणार. सेव्ह करायलासुद्धा वेळ मिळणार नाही. असेल तिथं खेळ जाईल माझा.”

मेस्त्रींनी टेबलाखाली हात घालून बटण दाबलं. भिंतीतला पंखा पुन्हा घरघरू लागला.

“व्हय,” ते म्हणाले. “म्हंजे लाइट गेल्याली कळंल. आदी तुझा जाऊ दे.”