नळीत उरलेलं

“गाडी बंद होती ना?”

“होती, उस्ताद.”

“किल्ली?”

“काढलेली.”

“मग पेट्रोल उडालं कुठनं?”

नागनाथ खाली बघत राहिला. उत्तर त्याला पाठ होतं. पण ते द्यायचं तर समोरच्या माणसाकडे बघावं लागलं असतं, आणि समोरच्या माणसाच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती.

बार्शीत लातूर रस्त्याला दस्तगीर उस्तादांचं गॅरेज आहे. नागनाथ तिथला सगळ्यात हुशार शागीर्द. त्याचा हात एवढा चालायचा की गिऱ्हाइकं नाव घेऊन त्याला मागायची, आणि त्यालाही ते जरा जास्तच आवडायचं. भिंतीवरची ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी त्यानंच हौसेनं रंगवून घेतली होती. वाचायची मात्र इतरांनी.

पेट्रोलचा फिल्टर बदलायचा तर आधी नळीतला दाब काढायचा. इंजिन बंद केलं तरी दाब आत दबा धरून बसलेला असतो, हे उस्ताद प्रत्येक वेळी सांगत. नागनाथला ती म्हाताऱ्याची टकळी वाटे.

काल एक गिऱ्हाईक घाईत होतं. तुमचा चहा संपायच्या आत फिल्टर बदलतो, असं नागनाथनं त्याला ऐटीत सांगून टाकलं. उस्ताद शेजारी वाकले. “आधी दाब…” एवढंच ते म्हणाले, तोवर यानं पाना फिरवला होता. धार थेट त्यांच्या डोळ्यात गेली.

पण नागनाथला रात्रभर जाळत होतं ते वेगळंच. डोळा पाण्यानं धूत धूत दवाखाना गाठला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं हे? तो पटकन बोलून गेला, मी सांगत होतो वाकू नका म्हणून, हे ऐकतात कुठं. उस्ताद समोरच बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि डोळा तसाच डॉक्टरांपुढं धरला. डोळा किती वाचला ते पट्टी सुटल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

आज सकाळी नागनाथ पाना परत द्यायला आला होता. तो मिस्त्री झाला त्या दिवशी उस्तादांनी स्वतःच्या वापरातला पाना त्याच्या हातात ठेवला होता. आता तो परत करायचा आणि गॅरेज कायमचं सोडायचं, असं ठरवूनच तो निघाला होता. पाना ठेवला की खरं बोलायची पाळी येणार नाही, ही त्यातली लबाडीही त्याला कळत होती. त्याची त्याला आणखीच लाज वाटत होती.

फडक्यात गुंडाळलेला पाना त्यानं उस्तादांपुढं ठेवला.

उस्तादांनी तिकडे पाहिलंही नाही. ते शेडकडे निघाले, तसा हाही मागोमाग गेला.

शेडमध्ये कालचीच गाडी उभी होती. घाबरून नागनाथनं नळीचा जोड परत आवळला होता, त्यामुळे फिल्टर जुनाच राहिला होता. उस्तादांनी सकाळी दुसऱ्या मिस्त्रीकडून सगळं पुसून, तपासून गाडी चालवत आत आणवली होती. म्हणजे नळीत दाब पुन्हा भरलेला.

“टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढ.”

त्यानं काढला.

“आता गाडी चालू कर.”

पंपच बंद, तेव्हा नवं पेट्रोल येणार नव्हतं. नळीत उरलेलं तेवढं इंजिन पिऊन टाकणार आणि आपोआप बंद पडणार. बंद गाडीचा दाब काढायला ती अशी चालू करावी लागते.

नागनाथनं किल्ली फिरवली. उस्ताद खिडकीशी इंजिनाकडे कान देऊन उभे होते. त्या आवाजाच्या आडोशानं त्याला थोडा धीर आला.

“उस्ताद, दवाखान्यात मी…”

उस्तादांनी कान इंजिनाकडेच ठेवला.

“तुम्ही म्हणत होता, आधी दाब. मीच ऐकलं नाही.”

इंजिन अडखळलं. त्यानं आचके दिले. नागनाथ आवाज चढवून बोलत होता, तो तसाच बोलत राहिला.

“मी खोटं बोललो, उस्ताद. हे माझ्याच हातनं झालं.”

इंजिन मध्येच बंद पडलं होतं. शेवटचं वाक्य अख्ख्या शेडमध्ये ऐकू गेलं. पलीकडच्या गाडीखालून दोन मिस्त्री बाहेर सरकले आणि बघू लागले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं नागनाथला झालं.

“अजून एकदा फिरव,” उस्ताद म्हणाले.

त्यानं फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं, चालू झालं नाही.

“राहिलंय काही?”

“नाही, उस्ताद.”

…

मग ठिणगी नको म्हणून नागनाथनं बॅटरीची तार सोडवली. उस्तादांनी जाऊन पाना आणला, त्याचं फडकं सोडलं, ते जोडाभोवती नीट गुंडाळलं आणि पाना नागनाथच्या हातात दिला.

नागनाथनं खिळ्याला अडकवलेला कामाचा चष्मा काढून त्यांच्यापुढं धरला. उस्तादांनी तो घेतला आणि नागनाथच्याच डोळ्यांवर चढवला. मग ते बॉनेटखाली वाकले आणि आपला उघडा डोळा जोडाच्या अगदी जवळ नेला.

“उस्ताद, मागं सरा.”

“का रं? दाब काढलास ना?”

“काढला.”

नागनाथनं पाना जोडावर बसवला. हात काही हलेना. चष्म्याच्या आत सगळं धूसर झालं होतं.

…

“सध्या डोळा एकच आहे, नागनाथ. सावकाश उघड.”