मुखपृष्ठावरची नटी

पुस्तकं एकमेकांशी भांडत असत, त्या काळची गोष्ट. वाचनालयात एका कादंबरीची जुनी, साध्या बांधणीची प्रत होती. त्या कादंबरीवर सिनेमा निघाला आणि शेजारी नवी प्रत आली, मुखपृष्ठावर सिनेमात नायिका तुळसा झालेली गोरीपान नटी मिरवत.

लोक नवीवरच तुटून पडले. जुनी जळफळली, "आत एक अक्षर तरी वेगळं आहे का हिच्या? तरी तोरा बघा!"

एकदा सुगंधा नवी प्रत परत करायला आली. नटीवर तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

"हे काय गं?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"वाचताना ही सारखी मध्ये यायची, बाई. माझी तुळसा सावळी आहे, दात पुढे असलेली."

"असं पुस्तकात कुठंय?"

"नाहीये. पण मला दिसते ना!"

कपाटात कव्हराआडून नवी फणफणली, "तुझं बरं आहे मेले! तुझ्यावर कुणाचाच चेहरा नाही."