जागे राखणदार

"म्हणजे राखण करणाऱ्या पेशीच चांगल्या पेशींना मारतात?" नरहरने विचारलं.

दयार्णव महाराज नुकतेच डॉक्टरांकडून मठात परतले होते. कंपवाताने त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा हलत होता.

"डॉक्टर तसंच म्हणाले. मेंदूत राखणदार पेशी असतात. कुठे इजा झाली की जाग्या होतात, घाण साफ करतात, पुन्हा शांत होतात. कधी कधी मात्र त्या शांत होतच नाहीत. विष सोडत राहतात. शेजारच्या चांगल्या पेशी त्यानं मरतात."

"मग तरी थांबतात?"

"नाही. मेलेल्या पेशी दिसल्या की त्यांना वाटतं, शत्रू अजून आतच आहे..."

"घरभेदी!" नरहरने काठी आपटली. "असल्यांना हाकलूनच द्यायला हवं."

हाकलण्यात नरहरचा हात धरणारा कोणी नव्हता. चैत्रात मठातली चांदीची समई चोरीला गेली, तेव्हापासून तो काठी घेऊन दारातच बसे. धड झोपत नसे. आधी त्याने स्वयंपाकीणबाईंना काढलं. त्या रडल्या म्हणून समजूत घालायला गेलेल्या माळ्यावर संशय घेतला. माळी का गेला, असं विचारणारे दोन शिष्यही गेले. आज तर महाराजांसोबत रोज भजनाला बसणाऱ्या आंधळ्या गणूबुवांची झोळी त्याने बाहेर ठेवली. हे फार वाईट झालं.

"गणू दिसत नाही?"

"पाठवलं त्यांना. फार चौकशा करत होते."

"आता मठात कोण उरलं?"

"आपण दोघंच." नरहरची छाती फुगली. "आता तुम्हाला कसलंच भय नाही, महाराज."

महाराजांचे डोळे भरून आले.

नरहर चुळबुळला. "त्या पेशींचं... वैर असतं का हो?"

"छे रे. जीव तोडून राखतात बिचाऱ्या."

नरहरची मान हळूहळू खाली गेली. काठीवरची मूठ मात्र सुटेना.

"मग... मलाही हाकला," तो कसाबसा म्हणाला.

महाराजांनी आपला हलता हात त्याच्या मुठीवर ठेवला. मूठही थरथरू लागली. एकेक बोट सोडवायला वेळ लागला. शेवटी काठी खाली पडली.

त्याचं डोकं मांडीवर घेत महाराज म्हणाले,

"नीज, बाळा. चोर केव्हाच निघून गेला."