जावेच्या नावाचं झाड

चपला तिथेच काढा. झऱ्याच्या वरती ती गर्द झाडी दिसते ना, ती आमची जावांची राई. पहिलं एक सोडलं, तर तिच्यातलं एकही झाड लावणारीच्या नावाचं नाही. कुंभवण्यात नवी सून आली की पहिल्या पावसात ती इथे रोप लावते, पण जावेच्या नावानं, आणि पाणीही तीच घालते. पाणी घालण्याआधी पान उलटं करायचं, देठाजवळ बोट फिरवायचं आणि झाड कुठलं ते मोठ्यानं सांगायचं. चुकली तर कळशी रिकामी करून खालून परत भरून आणायची. ही रीत आम्हा घाड्यांच्या घरातल्या दोन सुनांपासून पडली, असं सांगतात. म्हणून पाहुण्यांना सांगायचं काम माझ्याकडे. मी वत्सला घाडी.

तेव्हा हा डोंगर बोडका होता म्हणे. झरा चैत्रातच आटायचा. देवीला कौल लावला, तेव्हा देवीनं सांगितलं की घाड्यांच्या सुनांनी झऱ्याच्या डोक्यावर झाडं लावावीत, आणि तिसऱ्या नवरात्रात जिचं झाड जास्त वाढलेलं दिसेल तिनं माझी पहिली ओटी भरावी.

पहिली ओटी म्हणजे काय, ते तुम्हाला शहरात कळायचं नाही. ती भरणारी पुढे आणि गावातल्या सगळ्या बायका तिच्यामागे. हा मान थोरल्या सुनेचा, भिवराचा. लग्न झाल्यापासून तिचा हात कुणी धरला नव्हता. मग धाकटी आवडी घरात आली. तिनं कसलीही बी टाकावी आणि ती उगवावी. सासू येताजाता म्हणायची, हाताला गुण आहे हो पोरीच्या. भिवराच्या पोटात दुखायला तेवढं पुरे झालं. आवडीनं लावलेल्या वेलाचं पडवळ तिनं वर्षभर तोंडात घातलं नाही म्हणतात. हसताय काय? जळणाऱ्याला भाजीसुद्धा गोड लागत नाही.

भिवरानं ऐनाचं रोप आणलं, आवडीनं किंजळाचं. मोठेपणी ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फुटते, तेव्हा आंधळासुद्धा ओळखेल. पण रोपं दिसायला बहिणी-बहिणी. फरक आहे तो पानाच्या पाठीला. ऐनाच्या पानाला देठाजवळ चामखिळीसारखी उभी गाठ बोटाला लागते. किंजळाची गाठ बसकी असते, पटकन लागत नाही. आवडी हे दाखवायला गेली, तर भिवरा म्हणाली, "काल आलीस आणि आज मला झाड शिकवतेस?" भिवरानं आपल्या रोपाभोवती दगडांचं आळं केलं, तीच तिची खूण.

पहिल्याच पावसात वरची माती घसरली आणि दगड वाहून गेले. दोन्ही रोपं राहिली. त्यातलं एक भराभर वाढलं, दुसरं रेंगाळलं. कुठलं कुणाचं, हे भिवराला कळेना. पान उलटून बघावं हे तिला ठाऊक होतं, पण त्या पानात काय बघायचं ते तिनं ऐकूनच घेतलं नव्हतं. आवडीला विचारायचं म्हणजे नाक कापून हातात देणं. शेवटी तिनं मनाशीच ठरवलं, की वाढतंय ते आवडीचं. चांगलं ते तिचंच असायचं.

दोन वर्षं ती पाण्याला येई आणि त्या झाडाकडे बघून कुढे. तिसरं नवरात्र जवळ आलं तसा तिचा धीर सुटला. पितृपंधरवड्यात भर दुपारी, माणसं कलंडली की ती चुलीवरचं उकळतं पाणी घेऊन यायची आणि त्या झाडाच्या मुळाशी ओतायची. घटस्थापनेपर्यंत झाड वाळून कोळ झालं. पानं तेवढी लोंबत राहिली.

गाव जमलं. गुरवानं विचारलं, गेलं ते कुणाचं? भिवरा सगळ्यांच्या आधी म्हणाली, "आवडीचं." आवडी पुढे झाली. तिनं एक वाळकं पान उलटं केलं, भिवराचं बोट धरलं आणि देठाजवळ टेकवलं. गाठ लागली. आवडी हळूच म्हणाली, "जाऊबाई, हा ऐन आहे. पुढे होतं ते तुमचंच झाड होतं."

दोन वर्षं भिवराचंच झाड पुढे होतं, आणि ती स्वतःच्याच झाडावर जळत होती. उकळत्या पाण्याचं तिनं तिथेच, सगळ्यांदेखत सांगितलं. पहिली ओटी आवडीनं भरली. भिवरा पुन्हा कधी पुढे उभी राहिली नाही. पुढच्या पावसात तिनं एक ऐन आणला, तो आवडीच्या नावानं लावला आणि पाणी घालण्याआधी तिला हाक मारून म्हणाली, "ये, मला ते पान नीट शिकव."

आजही आम्ही तसंच करतो. तो उंच ऐन बघा, तो मी लावलेला, माझ्या जाऊबाईच्या नावाचा. शेजारचा बुटका किंजळ तिनं लावलेला, माझ्या नावाचा. चाळीस वर्षं लोक येऊन म्हणतात, वा, जाऊबाईंचं झाड काय वाढलंय. मी जळते का? जळते की. पण कळशी माझीच असते.