प्रिंटरची बदली

खडकशेत गावात एक सरकारी ऑफिस होतं आणि त्या ऑफिसात महिपती नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती? साहेब एकदा म्हणाले, दारावर लक्ष ठेव. हा संध्याकाळपर्यंत दाराकडे टक लावून बसला. खिडकीतून शेळी आत आली आणि हजेरीपुस्तक खाऊन गेली. खिडकीचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑफिसात माणसं दोनच. एक महिपती आणि दुसरे दहिवले साहेब. साहेबांची बायको आणि मुलगी जिल्ह्याच्या गावी, साहेब चार वर्षं इथे. मागच्या दिवाळीला घरी गेले, तर मुलीनं दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "आई, कोणीतरी काका आलेत." तेव्हापासून साहेबांच्या डोक्यात एकच. बदली. यंदा जिल्ह्याला एक जागा रिकामी झाली होती. अर्ज शुक्रवारी पाचच्या आत जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या हातात द्यायचा होता, आणि तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून छापलेलाच चालणार होता. हातानं लिहिलेला नाही.

ऑफिसातला लेसर प्रिंटर अकरा वर्षांचा. सोमवारी नेमका तोच अडून बसला.

"हा लेकाचा नुसता कागद खातोय," साहेब वैतागून म्हणाले आणि चहाला गेले.

महिपतीला दया आली. अकरा वर्षं नुसते कागद खायचे म्हणजे पोटाचं काय होणार? त्यानं घरून ओवा आणि काळं मीठ आणलं आणि दोन चमचे ट्रेमधून आत सोडलं. वरून कोमट पाणी पाजणार, तेवढ्यात साहेब आले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि समजावलं, की खातो म्हणजे आत अडकवतो. अशा वेळी तोंड उघडायचं, दोन बोटं आत घालायची आणि अडकलेलं हळूच ओढून काढायचं.

"हात्तिच्या! लक्षात ठेवतो," महिपती म्हणाला. आणि ठेवलंच.

मंगळवारी घोलप नावाचे कंत्राटदार साहेबांना भेटायला आले. बाकावर बसले होते. गावातल्या कोणीतरी महिपतीच्या कानात सांगितलं, हा माणूस पैसे खातो. महिपती लगेच उठला. त्यानं कंत्राटदारांचं तोंड उघडलं, दोन बोटं आत घातली आणि अडकलेलं हळूच ओढून काढलं. अख्खी कवळी हातात आली. त्यानं ती उलटी करून पाहिली, बाकावर आपटून पाहिली. पैसे काही निघाले नाहीत. कंत्राटदार जाताना काय बोलले ते दातांअभावी कोणाला कळलं नाही, पण आशीर्वाद नव्हता एवढं नक्की.

साहेबांनी हात जोडले. म्हणाले, बाबा रे, आपली अक्कल चालवू नकोस. जाणकार माणूस सांगेल तसंच आणि तेवढंच करत जा.

"लक्षात ठेवतो," महिपती म्हणाला. आणि ठेवलंच.

बुधवारी तालुक्याहून मेकॅनिक आला. प्रश्न असा होता, की दुरुस्ती की बदली? खरं म्हणजे प्रिंटर 'बदलायचा' असं म्हणतात, पण साहेबांच्या तोंडी आताशा बदलीच यायची. निम्म्या किमतीच्या आत भागलं तर दुरुस्ती, वर गेलं तर नवा, असा त्यांचा हिशेब. मेकॅनिकनं झाकण उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाला, बाकी गडी ठणठणीत आहे, फक्त ड्रम गेलाय. पाव किमतीत होईल. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

"कठीण काही नाही," मेकॅनिक म्हणाला. "ड्रम वरून टाकायचा आणि खटका वाजेपर्यंत दाबायचा." आणि गाडीच्या डिकीतून नवा ड्रम आणायला तो बाहेर गेला.

आता मेकॅनिकचा ड्रम म्हणजे वीतभर नळी. महिपतीला ठाऊक असलेला ड्रम निळा, दोनशे लिटरचा, ऑफिसच्या मागे पाण्यासाठी ठेवलेला. गेलाय म्हणतात तर कुठे गेला, म्हणून त्यानं जाऊन पाहिलं. जागेवरच होता. नळाला पाणी नव्हतं म्हणून रिकामाही होता. त्यानं तो गडगडत आत आणला, टेबलावर चढला आणि वरून टाकला. खटका वाजला. बरेच खटके वाजले. मग तो ड्रमवर बसून दाबत राहिला.

मेकॅनिक नळी हातात घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, दुरुस्तीचा विषय संपला.

गुरुवारी साहेबांनी महिपतीला बोलावून सांगितलं, आज याची बदली करून टाक. महिपतीनं तीन साहेबांच्या बदल्या पाहिल्या होत्या. त्यानं प्रिंटरला हार घातला, शाल पांघरली, पुढ्यात नारळ ठेवला. अकरा वर्षांच्या सेवेबद्दल चार शब्द बोलला, बोलताना रडला, आणि भोकरवाडीच्या एसटीत त्याला बसवून आला.

"झाली बदली," तो साहेबांना म्हणाला. "खिडकीची जागा मिळाली."

साहेबांनी उसन्या मोटरसायकलवरून एसटीचा पाठलाग केला. परत आल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की यंत्राची बदली म्हणजे जुनं दुकानात द्यायचं आणि त्याच्या जागी नवं आणायचं. महिपती टेम्पो करून तालुक्याला गेला. दुकानात जुन्यावर नवा मिळत होता, जुना कसाही चालत होता. पण महिपतीनं प्रिंटर आडवा टाकून आणलेला. आतले कागद दुकानभर उडाले. दुकानदार चिडला. त्यानं बजावलं, जुना असा आणतात का? आधी तो बंद असावा. आतला कागदन् कागद काढावा. दोरीनं घट्ट बांधावा, वर गोणपाट टाकावं आणि उभाच्या उभा आणावा.

"लक्षात ठेवतो," महिपती म्हणाला. आणि ठेवलंच.

शुक्रवार उजाडला. नव्या प्रिंटरमधून अर्ज असा निघाला, की साहेबांनी त्याचा वास घेतला. सही केली, घडी घातली, खिशात ठेवला. आठवडाभर काळजीनं डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोटभर जेवले आणि खुर्चीतच मान टाकली.

"जिल्ह्याच्या तीनच्या एसटीला उठव," ते म्हणाले. "आज काहीही करून माझी बदली झाली पाहिजे."

महिपतीला आदल्या दिवशीचा धडा अगदी ताजा होता. साहेब बंद झालेलेच होते, आतून थोडी घरघर येत होती एवढंच. त्यानं बाकीची तयारी केली. साहेबांना खुर्चीसकट दोरीनं बांधलं, वर गोणपाट टाकलं, आणि चार माणसं बोलावून उभंच्या उभं जिल्ह्याला निघालेल्या टेम्पोत चढवलं.

घाटात साहेबांना जाग आली. त्यांनी गोणपाटाच्या आतून नको नको ते शब्द वापरले. महिपतीनं गोणपाट जरा वर केलं. साहेबांना बाहेर दिसलं, की तीनची एसटी रस्त्याच्या कडेला बंद पडली आहे आणि माणसं ढकलतायत. टेम्पो तिला मागे टाकून पुढे गेला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना महिपतीचं कौतुक वाटलं. डोळे भरून आले.

"महिपती, दोरी पोचल्यावरच सोड," ते म्हणाले. "वेळ नको घालवूस."

पाचला दहा मिनिटं असताना खुर्ची मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर ठेवली गेली.

"जुने आणलेत," महिपती म्हणाला. "नवे द्या."

मोठे साहेब भले माणूस. आधी दचकले, मग चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, तीस वर्षांच्या नोकरीत बदलीसाठी इतकं तळमळून आलेला माणूस पाहिला नाही. जागा तुमचीच. काढा अर्ज, आत्ता सही करतो.

महिपतीनं दोरी सोडली. दहिवले साहेबांनी शर्टाच्या खिशात हात घातला. मग पँटच्या उजव्या खिशात. मग डाव्या. मग पुन्हा शर्टाच्या.

महिपती बाजूला अभिमानानं उभा होता.

"कितीही शोधा साहेब," तो म्हणाला. "एक चिठोरं सापडायचं नाही. आतला कागदन् कागद काढूनच आणलंय."