चौकट आणि घरची मोटार

भंगारालाही बोलता यायचं, त्या काळची गोष्ट. तातोबा मिस्त्री आपल्या शेडमध्ये एक लहानशी मोटार बनवत होता. स्कूटरचं इंजिन, रिक्षाची चाकं, जुन्या कपाटाचा पत्रा. दोन वर्षं खपून त्याने सगळं जोडलं. पायांनी अधू झालेल्या बायकोला, हौसाबाईला, त्याला पुन्हा गाव दाखवायचं होतं.

शेडच्या दाराची सागवानी चौकट मात्र नाक मुरडायची. "पन्नास वर्षं दसऱ्याचं तोरण मिरवतेय मी. आणि तुम्ही? लोकांनी टाकून दिलेले!"

"टाकलं होतं खरं," इंजिन म्हणालं, "पण ह्या माणसाने उचललं."

दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घातली. हौसाबाई अंगणात खुर्चीवर बसली होती. मोटार ढकलत दारापर्यंत आणली आणि तातोबाने कपाळावर हात मारला. मोटार चार बोटं जास्त रुंद होती.

"हौसा, सगळं मोजलं गं, दारच मोजायचं राहिलं!"

"कापा मला," पत्रा लगेच म्हणाला.

तातोबाने करवत उचलून पत्र्यावर टेकवली, पण त्याला ती ओढवेना.

"थांबा मिस्त्री," चौकट म्हणाली. "दोन वर्षं तुमचे भाजलेले हात बघतेय मी. मलाच काढा."

चौकट निघाली तशी मोटार अलगद बाहेर आली. तातोबाने चौकटीचंच लाकूड मोटारीला पुढे बंपर म्हणून ठोकलं आणि त्यावर तोरण बांधलं. हौसाबाईला घेऊन मोटार वेशीपर्यंत गेली.

तिथे चौकट हळूच इंजिनाला म्हणाली, "अजून थोडं पुढे घे ना रे."